ताबा म्हणजे काय?

सांगली सोडली त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढला तो माझ्या डब्यांचा खोका. एकोणीस डबे होते, प्रत्येकावर इंग्रजीत लेबल: राइस, तूर, शुगर, टी. तुमचे आजोबा टेम्पोवाल्याला म्हणाले, "हेडमास्तरणीचं दप्तर आहे, सांभाळ." तो हसला. मीही हसले. चारचौघांत ते असं काही बोलले की हसायचं, हे तोपर्यंत माझ्या अंगवळणी पडलं होतं.

माझी आई फाटकापर्यंत आली होती. तिला गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नसत, तरी आली. माझ्या हातात मेतकुटाची पुडी ठेवली आणि म्हणाली, "सांभाळून घे गं." हेच ती माझ्या लग्नात म्हणाली होती. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, त्या सकाळी अठ्ठावन्न. मधल्या काळात काय काय सांभाळून घेतलं, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

मिरजेहून आम्ही गाडीत बसलो. दोन्ही तिकिटं त्यांच्या खिशात होती. लग्न झाल्यापासून माझं तिकीट कधी माझ्या हातात नसायचं. मैसूरला मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात त्यांना निवृत्तीनंतरची सल्लागाराची नोकरी मिळाली होती. शाळेत इंग्रजी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. जायचं की नाही, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. टेम्पो कधी येणार, एवढंच कळवलं होतं.

मुक्ता, गेल्या रविवारी तू विचारलंस, "आजी, मी पहिल्यांदाच भाड्यानं खोली घेतेय. करारावर सही करण्याआधी काय बघू?" माझ्या वडिलांनी मला जे सांगितलं तेच मी तुला सांगितलं. ते तहसील कचेरीत कारकून होते. ते म्हणत, "सही करण्याआधी दोनदा वाच आणि केल्यावर एक प्रत आपल्याजवळ ठेव." मग तू सहज विचारलंस, "तुझ्या घराचा करार कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्या?" मी म्हटलं, "माझ्या." तू म्हणालीस, "असं का?" आणि मी म्हटलं की आमटी करपतेय, आणि फोन ठेवला.

आमटी करपत नव्हती. गॅस बंद होता. तुझ्या त्या 'का'चं उत्तर आठ वर्षं तुम्हा दोघांना द्यायचं राहिलं आहे, ते आज देते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. पण यातलं पुष्कळसं मी एकदा इंग्रजीत लिहून बसले आहे, सरकारी अर्जात. तुमच्यासाठी ते मराठीतच हवं. तू शनिवारच्या मराठी शाळेत गेलीस म्हणून तुला वाचता येतं. तुझ्या भावाला, अर्णवला, बोलता येतं, वाचता येत नाही. त्याला तू वाचून दाखव. आणि जे लिहिलंय तेच वाच, काही गाळू नकोस. हे मी का म्हणते, ते पुढे कळेल.

*

घर पहिल्या मजल्यावर होतं; अजून तिथंच आहे, मी तिथूनच लिहिते आहे. खाली घरमालकीण राहतात, पद्मक्का. तुम्ही त्यांना फोनवर पाहिलंय, माझ्या मागे येऊन "काय रे पोरांनो, ऊट झालं का?" म्हणून ओरडतात त्या. ऊट म्हणजे जेवण. त्यांचे पूर्वज जुन्या मैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांच्या दिवाणखान्यात एक गंजकी तलवार आहे, आयुधपूजेला तिला कुंकू लागतं. घरात ही मंडळी मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. आणि महत्त्वाचं म्हणजे मराठी त्यांना फक्त बोलता येतं. शाळा कन्नडमध्ये झाल्यामुळे मराठी अक्षर त्यांच्या घरात चार पिढ्यांत कुणी वाचलेलं नाही.

भाडेकरार झाला त्या दिवशी मी चहा केला. आजोबांनी सही केली, पद्मक्कांनी केली. मी म्हटलं, "माझी सही?" आजोबा म्हणाले, "तुझी कशाला? तू कुठं जाणारेस?" ज्या बाईनं आयुष्यभर मुलांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं शिकवलं, तिनं स्वतःच्या राहत्या घराचा कागद वाचलाही नाही. ट्रे घेऊन आत गेले.

आता जे लिहायचं ते मी थोडक्यात लिहिते. तुमचे आजोबा मला मारत. रोज नाही. दारू पिऊन नाही. कपबशी चुकीच्या जागी ठेवली, भावाशी फोनवर जास्त वेळ बोलले, त्यांच्या आधी हसले, अशा कारणांवरून. सांगलीत शेजारी होते, शाळा होती, म्हणून जरा धाक होता. इथं माझं कुणीच नव्हतं. इथं आल्यावर ते कारखान्यात जाताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागले. म्हणत, "तुला कन्नड येत नाही, हरवशील." संध्याकाळी साडेपाचला कुलूप उघडायचं. मी दिवसभर डब्यांची लेबलं बदलत बसे. नीटनेटकं अक्षर काढण्याइतकाच माझा स्वतःवर हक्क उरला होता.

खाली आवाज जायचे. पद्मक्का जिन्यातून ओरडायच्या, "टीचर, वर काय पडलं हो?" मी बंद दाराआडून सांगायची, "डबा पडला." असं किती वेळा सांगितलं असेल! एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचे डबे फार पडतात की हो. फळी बदला. नाहीतर सुतार बदला." मी चिमटे मोजल्यासारखं केलं.

तिसऱ्या वर्षी माझं मनगट मोडलं. म्हणजे, त्यांनी पिरगाळलं आणि ते मोडलं. दवाखान्यात मी 'पाय घसरला' म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी आजोबांना एक्स-रेचे पैसे भरायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "पाय घसरलेल्याचं हाड असं मोडत नाही." एका चिठ्ठीवर महिला व बालविकास खात्याच्या कचेरीचा पत्ता लिहून दिला. ती चिठ्ठी मी 'शुगर'च्या डब्यात, साखरेच्या खाली ठेवली. आजोबांना मधुमेह होता, त्या डब्याला ते हात लावत नसत.

प्लास्टर काढलं त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की यापुढे मी दुसऱ्या खोलीत झोपणार आणि दाराला कुलूप लागलं तर खिडकीतून ओरडणार. एवढंच. जवळजवळ चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कपाट उघडलं. मग बॅग भरली आणि कारखान्याच्या गेस्ट हाउसवर राहायला गेले. जाताना म्हणाले, "बघतो किती दिवस राहतेस." कुलपाची किल्ली रागानं टेबलावर आपटली आणि तिथंच विसरले.

नंतरचे सतरा दिवस मला अजून वारानुसार आठवतात. मी स्वतः जाऊन दूध आणलं. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून 'एष्टु' हा शब्द शिकले; एष्टु म्हणजे किती. रस्त्याच्या टोकाला वाचनालय आहे, हे तीन वर्षांनी कळलं. दुपारी दार उघडं ठेवून झोपले. ज्या घरात तीन वर्षं मी कोंडलेली होते ते घर त्या सतरा दिवसांत मला आवडायला लागलं. पूर्वेची खिडकी, गच्चीवर डोकावणारं नारळाचं झाड, खालून येणारा सारूच्या, म्हणजे इथल्या आमटीच्या, फोडणीचा वास. तेच घर होतं, फक्त दार उघडं होतं.

*

अठराव्या दिवशी दुपारी पद्मक्का वर आल्या. हातात रजिस्टरचं पाकीट होतं.

"टीचर, साहेबांचं कागद आलंय मला. मराठीत आहे. जरा ओदून सांगता काय?"

ओदणं म्हणजे वाचणं. आजोबांनी त्यांना मराठीत पत्र लिहिलं होतं. 'आपली माणसं' म्हणून सलगी दाखवायला लिहिलं असणार. इंग्रजीत लिहिलं असतं तर पद्मक्कांनी बेंगळुरूच्या मुलाला फोटो पाठवला असता आणि मला पत्ताही लागला नसता. पद्मक्कांचं मराठी ऐकून आजोबांनी गृहीत धरलं की बाईला वाचताही येतं. ही चूक महाराष्ट्रातून आलेला माणूसच करू जाणे.

मी चष्मा लावला. पत्र छोटं होतं. मी सगळं आधी डोळ्यांखालून घातलं, आणि माझ्या हाताला कंप सुटला. त्यात लिहिलं होतं: 'माझी पत्नी कायमची गावी परतत आहे. त्यामुळे या महिनाअखेर मी आपले घर रिकामे करून देत असून घराचा ताबा सोडत आहे. पुढील भाडेकरू आपण आणावा. पोच द्यावी.'

मुक्ता, अर्णव, पुढची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या क्षणी माझ्या मनात आलं, या बाईला काय कळणार आहे? मी वाचीन ते पत्र. 'मी काही दिवस कामानिमित्त बाहेर आहे, पत्नी तिथेच राहील, काळजी घ्यावी,' असं सरळ वाचून दाखवलं तर? पद्मक्का मान डोलावतील, कागद देवामागे ठेवतील. वाक्यसुद्धा जुळवून झालं होतं माझं. माझ्या डोक्यावरचं छप्पर माझ्या जिभेवर होतं.

पण छत्तीस वर्षं वर्गात उभं राहून वाचलं होतं मी. समोरच्याला वाचता येत नाही म्हणून आपल्या सोयीचं वाचायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही. मी पत्र जसंच्या तसं वाचलं. आवाज फक्त एकदा अडकला, 'माझी पत्नी'वर.

पद्मक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी गावाला जाताय?"

"नाही."

"मग हे काय लिहिलंय? आणि ताबा म्हणजे काय?"

मी शिक्षिकेसारखं समजावायला गेले. "ताबा म्हणजे... घर कोणाच्या हाताखाली आहे ते."

"हाताखाली!" पद्मक्का थांबल्या. "ताबेदार माहिती आहे मला. आमच्या आजोबांच्या अर्जांत असायचं, खाली सहीजवळ, 'तुमचा ताबेदार' म्हणून. म्हणजे चाकर की." मग त्यांचे डोळे मोठे झाले. "अय्यो! म्हणजे ताबा सोडतो म्हणजे साहेब तुमाला चाकरीतून सोडतो म्हणतात काय? मग चांगलं झालं की हो, टीचर!"

मी हसले. इतकं हसले की खुर्चीवर बसावं लागलं, आणि मग ते हसणं रडण्यात कधी गेलं, मला कळलं नाही. पद्मक्कांनी पाणी आणलं. मग मी त्यांना खरा अर्थ सांगितला. महिनाअखेर मला हे घर सोडावं लागेल, आणि जायला जागा नाही.

त्यांनी कागद घडी करून पदरात घेतला आणि खाली गेल्या. मला वाटलं, संपलं.

*

त्या रात्री तुमच्या बाबांचा फोन आला. त्याला मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोड ते घर. इकडे ये. या वयात कोर्टकचेरी कशाला?" तो रडत होता, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. पण मी म्हटलं, "नितीन, मी काही चोरी केलेली नाही. मी का निघू?" हे वाक्य माझ्या तोंडून आलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

सकाळी 'शुगर'चा डबा उपडा केला, चिठ्ठी काढली आणि कचेरीत गेले. तिथं संरक्षण अधिकारी होत्या, चाळिशीच्या, टेबलावर फायलींचा ढीग आणि डब्यात अर्धी राहिलेली इडली. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा आहे, त्याखाली ही नेमणूक असते. मी रात्री जागून इंग्रजीत चार पानी अर्ज लिहून नेला होता. समास सोडलेला, परिच्छेदांना क्रमांक दिलेले.

त्यांनी तो पूर्ण वाचला. मग इंग्रजी आणि कन्नड मिसळून जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा: "मॅडम, इतकं छान इंग्रजी या टेबलावर कधी आलं नाही. पण तुमचे मिस्टर यात कुठं आहेत?"

मी पान पुढे केलं. त्यांनी बोट ठेवलं. 'मनगटाला इजा झाली.' 'दार बंद ठेवण्यात आलं.' 'अपशब्द वापरले गेले.'

"इजा झाली? आपोआप झाली? दार कोणी बंद ठेवलं, वाऱ्यानं?"

आयुष्यभर मी मुलांना कर्मणी प्रयोग शिकवला आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्यातच राहिले, हे त्या कचेरीतल्या लाकडी बाकावर मला उमगलं. तिथंच बसून मी अर्ज पुन्हा लिहिला. त्यांनी माझं मनगट पिरगाळलं. त्यांनी बाहेरून कुलूप लावलं. एकेक वाक्य पाच-सहा शब्दांचं. चार पानांचं दीड पान झालं.

मग मी खरा प्रश्न विचारला. करार त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, घर भाड्याचं आहे, माझं काय आहे त्यात? त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं तिथं संसार करून राहिलात ना? मग कायद्याच्या दृष्टीनं ते तुमचं सामायिक घर. मालकीचं असो की भाड्याचं, कागदावर नाव कुणाचंही असो. तिथं राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुम्हाला तिथून घालवण्यासाठी ते घर सोडून देत असतील तर न्यायालय त्यांना थांबवू शकतं. 'आमच्या परवानगीशिवाय घरावरचा हक्क सोडायचा नाही' असा आदेश देता येतो. त्यांनी तिथं पाऊल टाकू नये, असाही देता येतो. ते घर टिकलंच नाही, तर तशाच दुसऱ्या घराचं भाडं भरायला लावता येतं."

मी विचारलं, "म्हणजे घरमालकीण मला काढू शकत नाहीत?"

"तसं नाही." हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. "हा कायदा तुमच्या नवऱ्याला बांधतो, घरमालकिणीला नाही. कराराची मुदत संपली की पुढे ठेवायचं की नाही, ते त्या ठरवणार. आणि त्यांनी पोच देऊन किल्ल्या घेतल्या, नवा भाडेकरू आणला, तर सगळं अवघड होईल. त्या कशा आहेत?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. विधवा बाई, वरच्या भाड्यावर घर चालतं, मुलगा दूर. भानगडीचं बिऱ्हाड कोण ठेवून घेतं?

घरी आले तर पद्मक्का पायरीवर बसून अवरेकाळू सोलत होत्या. वालासारख्या या शेंगांवर मैसूरचा हिवाळा निघतो. मी शेजारी बसले. त्या शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, दोघांनाबी काढ. सुम्ने, उगाच कटकट कशाला."

"बरोबर आहे त्याचं," मी म्हटलं.

"साहेबांचा फोन आला तीनदा. पोच द्या म्हणतात."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, तुमचं मराठी फार मोठं की हो, मला समजंना. ओदायला कुणीतरी शोधते." त्यांनी एक शेंग फोडली. "अजून सापडलं नाही कुणी. किती दिवस सापडू नये, ते सांगा."

*

पुढचं लवकर झालं. संरक्षण अधिकारी बाईंनी अहवाल केला, डॉक्टरीणबाईंनी मनगटाचे कागद दिले, सरकारी मदतीतून एक वकील मिळाल्या. पद्मक्कांनी ते पत्र देवघरातल्या तसबिरीमागून काढून दिलं. त्यांचे महत्त्वाचे कागद तिथंच असतात. कोपऱ्याला कुंकू लागलं होतं. 'माझी पत्नी कायमची गावी परतत आहे', हे आजोबांच्याच अक्षरात होतं, आणि मी तर समोर उभी होते.

आजोबांचे वकील म्हणाले, बाईंना त्रास काय आहे, मुलगा परदेशात आहे, माहेर सांगलीला आहे, कुठंही राहू शकतात. न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?" मी म्हटलं, "जिथं राहते आहे तिथं राहायचं आहे. कुलूप आतून लावून." माझं बोलणं तिथं संपलं.

महिनाअखेर व्हायच्या आधी अंतरिम आदेश मिळाला. आजोबांनी न्यायालयाला विचारल्याशिवाय घर सोडायचं नाही, तिथं यायचं नाही, कराराची मुदत संपेपर्यंत भाडं भरायचं. बाहेर आल्यावर मी तो आदेश दोनदा वाचला, वडिलांनी सांगितल्याप्रमाणे, आणि एक प्रत पर्समध्ये ठेवली. मग बसमध्ये बसले. माझं तिकीट माझ्या हातात होतं. उतरल्यावर पाहिलं तर घामानं भिजून त्याची सुरळी झाली होती.

नोकरी संपल्यावर आजोबा सांगलीला परत गेले. तुम्ही त्यांना फोन करता, करत राहा. ते तुम्हाला गणितं घालतात, वाढदिवस विसरत नाहीत, ते खरं आहे. हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं असू शकतं, एवढं समजण्याइतके तुम्ही मोठे झाला आहात. माझी आई त्यानंतरच्या पावसाळ्यात गेली. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय म्हणाली असती? 'सांभाळून घे' म्हणाली असती की आणखी काही, हे आता कळायचं नाही. तेवढी एक रुखरुख आहे.

कराराची मुदत संपत आली तेव्हा मी खाली गेले. मी निघावं अशी पद्मक्कांच्या मुलाची इच्छा होती, मला ते माहीत होतं, आणि या वेळी कोणताही कायदा माझ्या पाठीशी नव्हता. पद्मक्कांनी मला बसवलं, कॉफी दिली आणि एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. सगळा कन्नडमध्ये. मला तेव्हा दुकानांच्या पाट्या जेमतेम लागायच्या.

"बसा. मी ओदते," त्या म्हणाल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी पूर्ण करार मराठीत सांगितला. भाडेकरू म्हणून माझं नाव, फक्त माझं. भाडं, पाणी, गच्चीवरची दोरी निम्मी-निम्मी. शेवटी पेन माझ्या हातात दिलं आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "मी खरं ओदलं की खोटं, तुमाला कसं कळणार हो, टीचर?"

कागदावर टेकवलेलं पेन मी उचललं.

"त्या दिवशी तुमचा हात किती कापत होता, दिसत होतं मला. कागदात काय आहे ते ओदायच्या आधीच कळलं होतं मला, काय तरी वाईट आहे. म्हटलं, बघू या टीचर काय सांगते. तुमी खरं सांगितलात." त्यांनी कपबशी बाजूला सारली. "खोटं सांगितलं असतात, तरी मी काढलं नसतं. पण हा कागद केला नसता. आता करा सही."

मी सही केली. दोनदा वाचता आलं नाही, एकदाही नाही. वडील काय म्हणाले असते कोण जाणे. पण एक प्रत मात्र ठेवली आहे. आता मला कन्नड वाचता येतं आणि मी ताडून पाहिलं आहे: पद्मक्कांनी एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता.

तेव्हा मुक्ता, तुझ्या 'का'चं उत्तर हे असं आहे. खोली कुणाबरोबर घेतेस हा तुझा प्रश्न. पण करारात तुझं नाव असू दे, आणि तो होताना चहा दुसऱ्या कुणालातरी करू दे. नाव नसलं आणि वेळ आली, तरी घाबरू नकोस. तू राहतेस म्हणून ते घर तुझं असू शकतं, आणि तसं म्हणणारा कायदा तिथंही असेल. नसला तर विचार, कुणीतरी सांगेल. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

सांगली मला अजून 'आमची' वाटते. मेतकूट मी तिथूनच मागवते. पण घर म्हटलं की मला हे घर डोळ्यांसमोर येतं, भाड्याचं, दुसऱ्याच्या छपरावरचं. रोज संध्याकाळी साडेपाचला मी दाराला आतून कडी लावते आणि मग उघडते. काही कारण नाही. लावता येते आणि उघडता येते, हे बघायला.

कालच फळी पुसताना हातातून काहीतरी निसटलं आणि मोठा आवाज झाला. खालून लगेच हाक आली, "टीचर, वर काय पडलं हो?"

"डबा!" मी जिन्यात जाऊन ओरडले.

आणि खरंच डबाच होता.